डोकं बाहेर धरलेला मासा

हे मी लिहितोय, याची युसूफभाईंना कल्पना नाही. त्यांना आता छापील अक्षर वाचता येत नाही, म्हणूनच लिहायचं धाडस केलं. त्यांना कुणी वाचून दाखवत असेल, तर शेवटचा भाग गाळावा, एवढी विनंती आहे.

मी आयुष्यभर एसटी चालवली. त्यामुळे भीमराव प्रवासाबद्दल लिहितोय म्हटल्यावर लोकांना वाटतं, आता हा खड्डे आणि घाट सांगणार. ते मी सांगणार नाही. बसमध्ये बसून दुसऱ्याचं ड्रायव्हिंग बघणं ही मला शिक्षा वाटते, ती वाचणाऱ्याला कशाला द्यायची? आम्ही गेलो होतो एका पक्ष्यासाठी. तेवढंच सांगतो.

लातूर

युसूफभाईंचं गोलाईच्या बाजाराजवळ फोटोच्या फ्रेमचं दुकान आहे. त्यांच्या वडिलांपासूनचं. आमच्या गावात दोन प्रकारचे फोटो मोठे करून लावतात, क्लासमध्ये पहिल्या आलेल्यांचे आणि वारलेल्यांचे. दोन्हींना फ्रेम एकच लागते, असं युसूफभाई हसत हसत सांगायचे. मी रिटायर झाल्यावर वेळ जाईना म्हणून त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसायला लागलो आणि त्यांनी मला पक्ष्यांच्या नादाला लावलं.

त्यातही त्यांचा जीव खंड्यांवर. आमच्याकडे तीन जातींचे खंड्या दिसतात आणि तिन्ही त्यांनीच मला दाखवले. तळ्याच्या काठी दगडावर बसणारा चिमणीएवढा निळा. धरणावर एका जागी पंख फडफडवत थांबून मग दगडासारखा खाली पडणारा काळा-पांढरा. आणि विजेच्या तारेवर बसणारा पांढऱ्या छातीचा, जो मासे सोडून नाकतोडे आणि सरडे खात हिंडतो. पाणी नसलेल्या गावातही तो टिकून राहतो. युसूफभाई त्याला लातूरकर म्हणत.

चौथा राहिला होता. या सगळ्यांचा थोरला. कबुतरापेक्षा मोठा, तपकिरी डोकं, पिवळसर केशरी पोट, निळे पंख आणि करकोच्याची उसनी आणून लावावी तशी जाडजूड लालभडक चोच. त्याला दाट सावली आणि वाहते ओढे लागतात. आमच्या भागात दोन्हींचा दुष्काळ.

मागच्या वर्षी युसूफभाईंना काचबिंदू निघाला. निघाला तेव्हाच उशीर झालेला होता. डॉक्टरांनी थेंब दिले आणि स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही आणि राहिलेली किती दिवस राहील याचा भरवसा नाही. तेव्हापासून त्यांना सगळं नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं. समोरचं तेवढं दिसणार, तेही धुरकट, आणि बाजूचं काहीच नाही. काच कापताना बोट कापू लागलं म्हणून ते काम मुलाने हातात घेतलं.

"भीमराव, बाकी सगळे बघून झाले," एक दिवस ते म्हणाले. "त्यो एकच राहिला. आता बघितला न्हाई, तर मग नुसतं ऐकायचंच राहील."

माझा भाचा किनवटच्या पुढे एका आश्रमशाळेच्या वसतिगृहावर अधीक्षक आहे. त्याने फोनवर सांगितलं होतं, की वसतिगृहामागच्या ओढ्यात लाल चोचीचा एक मोठा पक्षी रोज हसल्यासारखा ओरडतो. मोबाइलवर फोटोही पाठवला. युसूफभाईंनी तो फोन नाकाला लावून पुष्कळ वेळ धरला. मग म्हणाले, "जायचं."

शमीमभाभींनी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली बांधून दिली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, ह्यांचा हात सोडू नका." आयुष्यभर पक्ष्यांचे फोटो काढलेला कॅमेरा मात्र युसूफभाईंनी घरीच ठेवला. त्यातून आता काही दिसत नव्हतं आणि डोळ्यांनी बघायचं म्हणूनच तर निघालो होतो.

हदगाव

नांदेड ओलांडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मे महिना. कापूस-सोयाबीनची रानं उघडी पडलेली, ढेकळं भाजून निघालेली. हदगावच्या अलीकडे तारेवर एक पांढऱ्या छातीचा बसलेला मला दिसला. मी सवयीने म्हणालो, "तुमचा लातूरकर बघा." युसूफभाईंनी खिडकीबाहेर मान वळवली, इकडे-तिकडे फिरवली आणि म्हणाले, "हाव, मस्त बसलाय." बस पक्ष्याच्या केव्हाच पुढे गेली होती.

हदगावच्या स्टँडवर चहासाठी उतरलो. ते लघवीला गेले आणि आलेच नाहीत. मी मुतारीत बघितलं, रसवंतीत बघितलं, मग एकेका गाडीत चढून बघायला लागलो. शेवटी उमरखेडच्या गाडीत खिडकीपाशी पिशवी मांडीवर घेऊन शांत बसलेले सापडले. ड्रायव्हर गाडी चालू करतच होता.

"युसूफभाई, ही आपली गाडी न्हाई."

त्यांनी हाताने सीटची कड चाचपली. मग म्हणाले, "तुमच्या सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या. त्यात माझी काय चूक?"

कंडक्टर हसला, मीही हसलो. पण त्यानंतर किनवटपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही.

वसतिगृह

किनवटच्या पुढे जंगल लागतं, असं म्हणायची पद्धत आहे. मे महिन्यात ते सागाच्या वाळक्या काड्यांचं जंगल असतं. पान नाही, सावली नाही, आणि जागोजागी वणव्याने काळी झालेली जमीन. वसतिगृह सुट्टीमुळे रिकामं. भाचाही गावी गेलेला, किल्ली स्वयंपाकीण सुमनबाईंकडे ठेवलेली. त्या जवळच राहतात. सुट्टीत पहाटे तेंदूपत्ता तोडायला जातात आणि दिवसभर पानांचे पुडे बांधत बसतात. आम्ही पोचलो तेव्हा हात तेच करत होते.

"पाखरू पाहाले आले तुम्ही? लातूरहून?" त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "लय घाण पाखरू हाय ते. तिकडं गेलं की सडक्या मासोळीचा वास मारते."

युसूफभाईंचा चेहरा उजळला. "वास मारतो म्हंजे घर हाय. पिल्लं हायत."

त्यांनी मला समजावून सांगितलं. हा पक्षी काठाच्या मातीत हातभर आडवं बीळ खोदतो आणि शेवटाला अंडी घालतो. पिल्लं तिथेच खातात आणि तिथेच घाण करतात, माशांचे काटे तिथेच साचतात. आई-बाप बिळातून बाहेर पडले की आधी पाण्यात बुडी मारून अंग धुतात. एवढा भरजरी पक्षी आणि जन्म असल्या नरकात.

रात्रीच्या जेवणात भात होता, अंबाडीची आंबट भाजी आणि तिखट वरण. आमच्याकडे भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. इथे पाहुण्याला भात वाढतात. मी भाभींची भाकरी काढली तर सुमनबाईंना वाईट वाटलं, म्हणून परत ठेवली. त्यांच्या दारात टोपलीखाली कोंबडी झाकलेली होती, वर दगड ठेवलेला.

"मुंगसाचा लय तरास हाय," त्या म्हणाल्या. "ओढा आटला की वरतं येते. परवा तीन पिल्लं नेली. पाय ठेवाले जागा भेटली की संपलं, कुठंबी चढते."

मी हो-हो केलं आणि आणखी वरण घेतलं.

ओढा

ओढा म्हणजे तेव्हा तीन-चार डबकी उरली होती. एका डबक्यात कुणीतरी इंजिन टाकून पाणी ओढत होतं आणि मासे चिखलात तोंडं उघडी टाकून पडले होते. कावळ्यांची चंगळ चाललेली. सगळ्यात खालचा डोह मात्र जांभळीच्या झाडांमुळे अजून सावलीत होता. पलीकडचा काठ उभा, भिंतीसारखा, दीड पुरुष उंच. वरून रानवेलींचा पडदा लोंबत होता आणि खरंच सडक्या मासळीचा वास येत होता.

युसूफभाई घडीच्या स्टुलावर बसले, मी दगडावर. थोड्या वेळाने आवाज आला. के-के-के-के-के, कुणी तरी छद्मी हसावं तसा. दचकलोच मी. मग जांभळीतून एक निळा झोत निघाला आणि समोरच्या फांदीवर थांबला.

असा पक्षी मी कधी पाहिला नव्हता. बसलेला असताना पाठीचा निळा तितका कळत नाही, डोक्याचा तपकिरी आणि पोटाचा केशरी यांच्यामध्ये तो दबून जातो. पण उडाला की कमरेवरचा फिकट निळा असा भडकतो, की बघणाऱ्याने श्वास धरावा. चोच शेंदरासारखी लाल, पायही लाल. एवढं सगळं रंगीत, आणि तरी फांदीवर तो हलला नाही तर पानात हरवून जात होता. मलाच दोनदा शोधावा लागला.

"कुठं?" युसूफभाई म्हणाले.

"समोर. आडव्या फांदीवर."

"कोणती आडवी?"

मी त्यांची मान हातात धरून वळवली. डोळे बारीक करून ते बघत राहिले. पानं, उन्हाचे ठिपके, वेली, या सगळ्यातून त्यांना काही वेगळं काढता येईना. पक्षी गेला.

तो पुन्हा आला तेव्हा चोचीत मासा होता. मी सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "डोकं कुणीकडं हाय माशाचं?"

"म्हणजे?"

"स्वतः खायचा आसंल तर डोकं आत धरतो, गिळायला सोपं. पिल्लाला द्यायचा आसंल तर डोकं बाहेर, पिल्लाला गिळायला सोपं. शेपटाकडून गिळला तर काटा लागतो."

मी नीट पाहिलं. माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला होतं. क्षणात पक्षी वेलींच्या पडद्यामागे शिरला, थोड्या वेळाने बाहेर आला, धपकन पाण्यात पडला आणि अंग झटकत उडून गेला. इतकं शहाणपण मी माझ्या आयुष्यात फार कमी माणसांत पाहिलं. मी ते युसूफभाईंना सांगत होतो, तर ते एकदम तुटक आवाजात म्हणाले, "भीमराव, सांगू नका. तुम्ही सांगितलेलं मी घरी बसूनबी ऐकलं असतं."

सकाळभर असंच चाललं. पक्षी येत होता, जात होता. मला दिसत होता, त्यांना नाही. दुपारी ते उठले.

"ही वेल काढायची," ते म्हणाले. "मागं पिवळी माती आसंल. पिवळ्यावर निळा आला तर मला दिसंल."

फोटोवाल्यांची ही जुनी सवय आहे. फ्रेमच्या आड येणारी काडी, फांदी, पान बाजूला करायचं. त्याला ते जागा साफ करणं म्हणतात. फांदीवर बसलेल्या पक्ष्यापुढे युसूफभाईंनी हे शेकडो वेळा केलं असेल, घरट्यापुढे कधी नाही. मी म्हणालो, "राहू द्या, बिथरला म्हणजे?" ते म्हणाले, "पिल्लं टाकून कुठं जातोय? परवाला मी लातुरात आसन, मग वेल परत वाढंल. माझा डोळा वाढणार हाय का?"

मी पँट वर दुमडली. पाणी गुडघ्याइतकं होतं. मी त्यांचा कोपर धरला, त्यांनी पिशवीतली पुठ्ठा कापायची सुरी काढली आणि हाताने चाचपत चाचपत वेल कापली. किती सफाईने कापत होते ते. पडदा खाली आला आणि मातीत मुठीपेक्षा जरा मोठं भोक उघडं पडलं, माझ्या डोक्याच्या वर. आतून चिरचिर ऐकू येत होतं. युसूफभाईंनी काठाच्या मातीला कान लावला आणि लहान मुलासारखे हसले. तुटलेल्या वेली पाण्यात कुजू नयेत म्हणून त्यांनी त्या गोळा करून काठाच्या बुडाशी, भोकाखाली रचून ठेवल्या. काम झाल्यावर दुकान झाडायची त्यांची सवय आहे, तसंच.

संध्याकाळपर्यंत पक्षी लांबूनच ओरडत राहिला. अंधार पडायच्या जरा आधी तो मासा घेऊन आत शिरला. मी ते पाहिलं तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला. उजेड गेला होता, त्यामुळे युसूफभाईंना काही दिसलं नाही.

"उद्या," ते म्हणाले.

दुसरी सकाळ

सुमनबाई पानं तोडायला निघाल्या तेव्हाच आम्ही निघालो. युसूफभाईंना सांभाळत पोचेपर्यंत डोहावर ऊन येऊन पलीकडच्या भिंतीवर पडलं होतं. युसूफभाईंना स्टुलावर बसवलं आणि मी समोर पाहिलं.

भोक आता भोक राहिलं नव्हतं. परातीएवढा खड्डा झाला होता, कडा नखांनी ओरबाडलेल्या. बुडाशी रचलेला वेलींचा ढीग दबलेला, त्यावर ओली माती सांडलेली. वर चढायला चांगली पायरी झाली होती. ढिगावर निळी पिसं होती, अजून नळीतून पुरती न उमललेली, आणि एक लहानशी चोच. पिल्लांची चोच लाल नसते, काळपट असते, हे मला तेव्हा कळलं. वास तसाच येत होता.

एसटीत आम्हाला कुणी शिकवत नाही, पण प्रत्येक ड्रायव्हर शिकतो, की ब्रेक कमी लागायला लागला तर मागे बसलेल्यांना सांगायचं नाही. सांगून ब्रेक लागत नाही. नुसतं स्टिअरिंग घट्ट धरायचं.

तेवढ्यात तो आला. आज तो पानात लपला नाही. सरळ त्या पिवळ्या मातीतून बाहेर आलेल्या एका उघड्या मुळीवर येऊन बसला, उन्हात, चोचीत मासा घेऊन. आणि बसूनच राहिला.

युसूफभाईंनी माझा गुडघा आवळला.

"दिसला," ते म्हणाले. "भीमराव, दिसला मला. निळा. लाल चोच. बापरे, किती मोठी हाय."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते, पुसताना नजर हलली असती म्हणून. पक्षी एकदा खड्ड्याकडे वळायचा, परत फिरायचा. हाक मारायचा, तोंडात मासा असल्यामुळे ती घशातच राहायची. समोर माणसं असताना हा पक्षी घरट्यापाशी इतका वेळ उघड्यावर बसत नाही. युसूफभाईंना आयुष्यात असा पक्षी मिळाला नव्हता. ते हळू आवाजात मला एकेक रंग सांगत होते आणि सगळे बरोबर सांगत होते. मी हो म्हणत होतो. माझं लक्ष त्या ढिगावरच्या पिसांकडे होतं, आणि ती त्यांच्या नजरेच्या नळीत येऊ नयेत म्हणून मी मनोमन हात जोडत होतो. देवाला हात जोडणं मी केव्हाच सोडून दिलेलं असतानाही.

पुष्कळ वेळाने त्यांनी विचारलं, "आत का जाईना?"

मी बसल्या दगडाची कड घट्ट धरली.

"डोकं कुणीकडं हाय?"

"बाहेर," मी म्हणालो. ते खरं होतं.

युसूफभाई ताडकन उठले. स्टूल धडपडत मिटलं. "चला, चला. आपल्यामुळं अडलाय त्यो. पिल्लं उपाशी हायत."

"बघा की अजून थोडा वेळ."

"झालं माझं. लई झालं." त्यांनी पाठ फिरवली. एवढ्यासाठी आलेला माणूस, ज्याला तो पुन्हा कधी दिसणार नव्हता, त्याने स्वतःहून पाठ फिरवली आणि हात पुढे करून माझा दंड शोधू लागला.

मी त्यांना चढणीला लावलं. वाटेवर पाचोळा होता, ते पाय जपून टाकत होते आणि भाभींना काय काय सांगायचं ते जुळवत होते. वळणावर मी मागे पाहिलं. तो अजून मुळीवरच होता. पाहता पाहता त्याने मासा हवेत जरासा उडवला आणि उलटा झेलला. आता डोकं आतल्या बाजूला होतं. मान वर करून त्याने तो गिळला.

"शिरला का आत?" युसूफभाईंनी विचारलं.

"शिरला," मी म्हणालो.

"मी म्हटलं न्हवतं?" ते म्हणाले, आणि आम्ही वसतिगृहाकडे चालू लागलो.